शून्य स्पर्श

“शून्य,” डॉ. रौदा म्हणाली. “इथे शून्य लिहिलंय, लल्ला दलेंदा. एवढा आकडा तरी ओळखीचा असेल तुमच्या.”

दलेंदाने पडद्यावरची नजर काढली नाही. पडद्यावर प्रथिनाची आकृती सावकाश वळत होती. ट्युनिसच्या त्या प्रयोगशाळेत एकेक प्रथिन असं तास तास वळवून बघणारी आता ती एकटीच उरली होती. रौदाच्या वडिलांच्या हाताखाली तयार झालेली बाई, म्हणून तिला मानाने ‘लल्ला’ म्हणायचं. वडिलांना जाऊन सहा महिने झाले होते. त्यांची खुर्ची, कपाट, पुठ्ठ्याच्या फायली, सगळं रौदाने खोलीतून हलवलं. ही तेवढी हलली नाही. सकाळी यायची, पेल्यात चहा ओतायची आणि डोळे बारीक करून बसायची.

त्या बसण्याचाच रौदाला तिटकारा होता. तिने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम मिनिटाला शंभर प्रथिनं निकालात काढत होता. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. माळ गुंडाळून तिचा गोळा होतो, आणि कोणता मणी कोणाला टेकलाय यावर तो गोळा टिकतो. टेकणं मोजायचं म्हणजे अंतर मोजायचं. त्याला डोळे कशाला लागतात?

“हे बाजारातलं कलिंगड नाही, थापटून बघायला,” ती म्हणाली. “सही करायचीय मला. ती कसरीन गावाहून आलेली बाई सकाळपासून बाहेर बसलीय.”

बाहेरच्या बाकावर मबरूका बसली होती. रौदाने तिला जाता-येता पाहिलं होतं. गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत लोकरीच्या शालीत गुरफटलेली, पायाशी ऑलिव्ह तेलाचा डबा. असल्या बायकांना कागदावर काय लिहिलंय ते कळत नाही, पण कागद हवा असतो, असं रौदाचं मत होतं. मबरूकाचं पहिलं मूल अकराव्या महिन्यात गेलं. त्याच्या एका प्रथिनात दोनशे चौदाव्या जागी ग्लायसिन हे अमिनो आम्ल असायला हवं होतं, तिथे आर्जिनिन आलं होतं. हा बदल घातक ठरला, तर पुढच्या खेपेला गर्भ सुरुवातीलाच तपासता येणार होता. निरुपद्रवी ठरला, तर तपासायला काही उरतच नव्हतं. प्रोग्रॅमने उन्हाळ्यातच निकाल दिला होता. मध्ये वडील गेले आणि कागद सहीवाचून पडून राहिला.

“शून्य स्पर्श म्हणजे मणी बाहेर मोकळा लोंबतोय,” रौदा म्हणाली. “तिथे काहीही आलं तरी बिघडत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात हे.”

“मोकळा कुठला? पार आत आहे तो. चहूबाजूंनी दाटी आहे.” दलेंदाने आकृती थांबवली. “ईदच्या आदल्या दिवशी बाजाराच्या मधोमध उभं राहायचं आणि म्हणायचं, मला कोणाचा धक्काच लागला नाही. तसं चाललंय तुझ्या मशीनचं.”

“बाबांनी लाड केले तुमचे. मी करणार नाही.”

दलेंदाने चहाचा पेला खाली ठेवला.

“नको करूस. पण पोरी, तुझ्या सगळ्या यादीत स्पर्श असलेलं एक ग्लायसिन मला दाखव. एकच. मी आत्ता घरी जाते, परत येत नाही.”

रौदाला हसू आलं. इतक्या स्वस्तात ही पीडा जाईल असं तिला वाटलं नव्हतं. आजवर तपासलेली चारशे प्रथिनं, त्यातली अकरा हजार ग्लायसिनं. तिने ती पडद्यावर मागवली.

शून्य. शून्य. शून्य. ती खाली खाली जात राहिली. बघायचं काही उरलं नाही तरी जात राहिली.

प्रत्येक अमिनो आम्लाला बाजूला एक फांदी असते. अंतर त्या फांदीपासून मोजायचं, असं तिनेच प्रोग्रॅमला सांगितलं होतं. ग्लायसिनला फांदी नसते. प्रोग्रॅमला मोजायला जागा सापडली नाही आणि तो तक्रार न करता शून्य लिहून पुढे गेला. रौदाने एक ओळ बदलली आणि दोनशे चौदावी जागा पुन्हा मोजली. नऊ स्पर्श. सगळ्यांत लहान मणी जेमतेम मावेल अशी ती फट होती, आणि आर्जिनिनची फांदी चांगली लांबलचक.

दलेंदाने पेला उचलून चहाचा घोट घेतला. तेही रौदाला सहन झालं नाही.

पण सही झाली नव्हती. चूक खोलीबाहेर गेली नव्हती. तिने जुना कागद फाडला, नवा छापला, ‘घातक’ या शब्दाखाली सही केली. चार ओळी सोप्या भाषेत समजावल्या की झालं. त्या बाईला फरक कळणारही नव्हता. दाराशी पोचेपर्यंत रौदाची मान पुन्हा ताठ झाली होती.

तिला बघताच मबरूका लगबगीने उठली. शाल खांद्यावरून घसरली. पोट सातव्या महिन्याचं असावं. एका हाताने ते सावरत तिने दुसऱ्या हाताने डबा पुढे केला.

“घ्या डॉक्टर, यंदाचं तेल आहे, आमच्याच झाडांचं. उन्हाळ्यात, गव्हाच्या कापणीत मी फोन केला होता ना, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘मशीनने बघितलंय, काही नाही, आता सारखा फोन करू नका.’ म्हणून तर आम्ही पुन्हा मुलाचा धीर केला. मुलगी झाली तर तिचं नाव रौदाच ठेवणार.”