सुई बाहेर

साहेबांनी न विचारता दार ढकललं. नाकाला रुमाल लावलेले पाहुणे मागोमाग आत शिरले. साडी नेसत असलेल्या अनसूयाबाईंनी पदर ओढून घेतला.

"बाहेर जा. आधी दार वाजवायचं."

"हिला आवाज ऐकू येतात," साहेब पाहुण्यांना हसत म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सिस्टर, इंजेक्शन द्या."

दार वाजवायचं, पेशंट 'या' म्हणेपर्यंत थांबायचं, ही जुन्या डॉक्टरांची शिस्त. भास होत असले तरी खोली पेशंटचीच, म्हणायचे ते. आत्ताच मनोरुग्णालयाच्या अंगणात त्यांच्या फोटोला हार घालून साहेब माणुसकीवर बोलले होते. त्या हातांची मला किळस आली.

मी सिरिंज भरली, बाहेर गेले, दार लावलं आणि वाजवलं.

"अनसूयाबाई, इंजेक्शन घेऊन येऊ का?"

"नको."

मी बाहेरच थांबले. साहेब आतून हाका मारत राहिले.