परळचं नको

"परळचं घ्या नाना, मी सांगते ना." निकिताने मोबाइल बापाच्या नाकासमोर धरला. "कंपनी एकच, हॉटेलं तीन. दादाचे पॉइंट तिन्हीकडे चालतात. मग चांगलं सोडून भलतंच कशाला?"

पुंजाराम मखमलाबादच्या घरी ओट्यावर शेवंती निवडत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "दादरचं बघ."

त्याची बायको आक्काबाई हिला जाऊन वर्ष होत आलं होतं. मुंबईच्या ज्या हॉस्पिटलात तिचे शेवटचे महिने गेले, तिथल्या बायांनी तिचं लय केलं होतं. त्यांना तिनेच लावलेल्या वाफ्यातली फुलं नेऊन द्यायची आणि हात जोडून यायचं, असं पुंजारामच्या मनाने घेतलं होतं. थोरल्या पोराला, समाधानला, हे कळलं तसा त्याचा फोन आला. तो मुंबईला एका कंपनीत होता. कामापायी सारखा हॉटेलात असतो, त्याचे पॉइंट साठतात, त्यावर फुकट राहता येतं, असं सांगायचा.

"नाना, या वेळी धर्मशाळेत उतरायचं नाही. पॉइंट वापरले नाहीत तर वायाच जातील. दोन दिवस आरामात राहा. निकिताला सगळं पाठवतो."

पुंजाराम हो म्हणाला. पोराने आपल्या कष्टातलं बापापुढे ठेवलं होतं. यापेक्षा जास्त माणसाला काय पाहिजे?

आता राहिलं होतं फक्त हॉटेल निवडायचं. विमानतळाजवळचं लांब पडत होतं. दादरच्या हॉटेलातली खोली खुराड्याएवढी, खिडकी उघडली की समोर भिंत. परळचं मात्र झकास, आणि हॉस्पिटलच्या बरोबर समोर.

"नाश्त्याला इडलीपासून जिलेबीपर्यंत सगळं आहे," निकिता म्हणाली.

"एवढं खाऊन आजारी पडलो म्हणजे?"

"म्हणून तर समोर हॉस्पिटल आहे!"

पुंजाराम हसला. "नको बाई. उंच हाय ते. लिफ्टमध्ये मला गरगरतं."

"आईजवळ होतात तेव्हा रोज लिफ्टनेच जात होता ना? तेव्हा नाही गरगरलं?"

"आन् त्या दारातून शिरायचं म्हणजे... आपले कपडे हे असे."

"इस्त्री करून देते. अजून काही?"

तिने वैतागून भावाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "दादा, हे फुकटात महाल सोडून खुराडं मागतायत. तूच सांग आता."

पलीकडे थोडा वेळ नुसता गाड्यांचा आवाज आला. "नानांना बरं वाटेल ते कर गं," समाधान म्हणाला. "दादरचंही काही वाईट नाही. नाना, दिवसभर माझ्या मीटिंगा असतात. संध्याकाळी येईन भेटायला."

"ये. पण घाई करू नको. चार घास खा, जरा टेक, मग ये."

फोन ठेवून निकिता काही बोलणार होती. पण पुंजारामच्या हातातलं फूल तसंच राहिलं होतं, ते तिला दिसलं, आणि एकदम तिचा चेहरा उतरला. परळच्या हॉटेलातून हॉस्पिटल दिसणार. उठता-बसता तीच इमारत, तोच मजला.

"चुकलंच माझं, नाना," ती डोळे पुसत म्हणाली. "माझ्या डोक्यातच आलं नाही. आई गेली ती जागा रात्रंदिवस समोर..."

पुंजारामने हातातलं फूल टोपलीत टाकलं. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिने मुकाट्याने दादरचं बुकिंग केलं.

सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने तो दादरला उतरला. खोली खरंच खुराड्याएवढी होती. पण चादर पांढरीशुभ्र होती, आणि उशीजवळ कुणीतरी पुंजारामच्या नावाची चिठ्ठी ठेवली होती, 'आपले स्वागत आहे'. त्याने ती जपून खिशात ठेवली. मग फुलांची टोपली घेऊन तो परळला निघाला. हॉस्पिटलच्या पुढच्या दाराने न जाता मागच्या गल्लीतून आत शिरला.

वॉर्डातल्या सुलाबाई मावशींनी त्याला लगेच ओळखलं. तो त्यांच्या पाया पडायला वाकताच त्या मागे सरल्या. "अहो दादा, हे काय करता!"

"मावशी, तुमचे उपकार फिटायचे नाय. तिला खिडकीजवळची खाट तुम्ही मिळवून दिली."

"त्यात काय एवढं? पण बाई हट्टी हो तुमची. ऊन तोंडावर आलं तरी पडदा ओढू द्यायची नाही. काय बघता एवढं म्हटलं, तर म्हणायची, गाड्या बघते." सुलाबाई हसल्या. "आणि तुमचा साहेब मुलगा कसा आहे? रोज संध्याकाळी यायचा, टाय लावून. तो आला रे आला की आक्काबाईंचं सुरू. बस आधी, पाय दुखले असतील. मी म्हणायचे, अहो, ऑफिसात बसून कुणाचे पाय दुखतात का?"

"बरा हाय," पुंजाराम म्हणाला. "त्यानेच हॉटेलात उतरवलंय मला. दादरला."

"दादरला? अहो, हॉटेल तर हे समोरच आहे की! एवढं मोठं सोडून तिकडे कशाला गेलात?"

"इथं नको म्हटलं."

सुलाबाईंनी मान हलवली.  फुलं घेऊन त्या सिस्टरांच्या टेबलाकडे गेल्या.

खिडकीजवळची खाट आज रिकामी होती. पुंजाराम तिच्या कडेला बसला, आक्काबाई बसायची तसा, आणि पडद्याआडून हळूच खाली बघू लागला. रस्त्यापलीकडे हॉटेलच्या दारात एक लांबलचक गाडी येऊन थांबली. लाल फेटा, सोनेरी बटणांचा कोट घातलेला दरवान पुढे झाला. त्याने वाकून दार उघडलं आणि आतल्या माणसाला कडक सलाम ठोकला.

"अजून ताठ उभा राहतो बरं का," पुंजाराम खाटेकडे बघून पुटपुटला.

खाली गाडी निघून गेली. समाधानने फेटा सारखा केला, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला, आणि पुढच्या गाडीकडे वळला.