गाडी न येणारा रस्ता

ब्रिस्टलच्या वैजयंतीने नवऱ्याला स्पेनमध्ये सायकल चालवायला सोडलं ते एकाच अटीवर: रस्त्यावर गाडी म्हणून दिसता कामा नये. तसा रस्ता महिनाभर नकाशे धुंडाळून तिनेच शोधला. जुन्या रेल्वेचे रूळ काढून डोंगरातून केलेली, फक्त सायकलींची वाट. तरीही राजीव निघाला त्या सकाळी तिने पितळी गणपती आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात पाण्यात ठेवला. तो सुखरूप परत येईपर्यंत बाहेर काढायचा नाही.

आज फोनच्या नकाशावर राजीवचा ठिपका पन्नास मिनिटं एकाच जागी होता. रिंग जात होती, तो उचलत नव्हता.

तिने मँचेस्टरला मुलीला फोन लावला.

"आई, रिलॅक्स," अन्वी म्हणाली. "त्या रोडवर एक पण कार येत नाही. बाबाला काय होणार?"

वैजयंतीने नकाशा मोठा केला. ठिपक्याच्या आसपास ना घर, ना दुकान, नुसता डोंगर.

फोन तसाच ठेवून ती डब्यातल्या गणपतीसमोर उभी राहिली. हात जोडले.

"देवा, कुणाची का असेना, एक तरी गाडी पाठव रे तिकडे."