खूण केलेली अंडी

टोपलीत अंडी नव्हती. अनिसाने भुसा चाळून पाहिला, टोपली उपडी केली, तरी नव्हती.

"अम्मी, हितली सहा अंडी कुठं गेली? पेन्सिलीनं शून्य काढलेली?"

"फुटली की काल," वहिदा चुलीपुढून म्हणाली, आणि ती चक्क हसत होती. "पाच फुटली, एक वाया गेलं. चल, दावते."

परसात काळी कोंबडी पंख फुगवून बसली होती. तिच्या पोटाखालून पाच पिवळी डोकी बाहेर बघत होती. कोंबडी शेजारच्या सारजाची; ती खुडूक झाली तशी वहिदाने तिला अंडी उबवायला मागून आणलं होतं.

अनिसाने पिल्लं पुन्हा पुन्हा मोजली.

ती बारामतीत राहून जंतूंवर संशोधन करत होती. गाईच्या कासेला सूज आणणारा एक जंतू, त्याच्या अंगावरच्या पापुद्र्यातलं एक प्रथिन. महिन्याभरापूर्वी गुरांच्या डॉक्टरांनी ते घरच्या तांबड्या कोंबडीला टोचलं होतं. मग कोंबडीच्या अंगात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, ती अंड्याच्या बलकात उतरतात, आणि त्या बलकाने दुधातला जंतू ओळखता येतो. ओळखलाही होता. तपासणीच्या पट्टीवर काळीभोर रेघ उमटली होती. पण दिवसभर उकिरडा उकरणाऱ्या कोंबडीला तो जंतू आधीपासूनच ठाऊक असला तर? मग ती रेघ टोचण्याची नव्हे, उकिरड्याची. तिच्या मार्गदर्शक राजलक्ष्मी मॅडमनी बजावलं होतं, टोचायच्या आधीची अंडी तपासल्याशिवाय प्रबंधावर सही करणार नाही. आणि ती आधीची अंडी आता दोन पायांवर उभी राहून चिवचिवत होती.

"खूण केलेली अंडी कुणी बसवतं का, अम्मी!"

"खूण केल्यालीच बसवत्यात की," वहिदाला नवल वाटलं. "कोंबडी त्यात नवं अंडं घालती, मग कळायचं कसं? मी कोळशानं करते, तू पेन्सिलीनं केलीस." मग तिचा आवाज उतरला. "मला वाटलं, एवढं शिकल्यापासनं पयल्यांदा पोरीनं माझ्यासाठी कायतरी काम ठेवलंया. एकवीस दिस सारजाला बी हात लावू दिला न्हाय."

आता यावर माणसाने रागवायचं तरी कसं? अनिसाला नुसतं रडू आलं. नवी कोंबडी, पुन्हा टोचणं, पुन्हा एक महिना. आणि प्रबंध द्यायला उरले होते वीस दिवस. काही सुचेना म्हणून तिने डब्यातली मूठभर कणी घेतली आणि पिल्लांपुढे टाकायला वाकली.

"नगं टाकूस," वहिदा म्हणाली. "दोन दिस दाणा लागत न्हाय त्यांस्नी. अंड्यातला बलक पोटात घिऊनच भाईर येत्यात. आईनं शिदोरी बांधून दिल्यागत."

अनिसाचा हात तसाच राहिला. हे तिने पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. बलकातली प्रतिपिंडं पिल्लाच्या रक्तात उतरतात आणि काही दिवस टिकतात. टोचायच्या आधी तांबडीच्या अंगात जे काय होतं, ते या पाच जिवांत अजून शिल्लक होतं.

तिने मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं.

"पाचही पिल्लांचं थेंब थेंब रक्त आण, उद्याच," मॅडम म्हणाल्या. "आणि हे जसं घडलं तसंच प्रबंधात लिहायचं. लपवायचं नाही."

"रगत?" वहिदा पिल्लांच्या आडवी आली. "कापायची न्हाईत हां! आधीच सांगते."

"सुईच्या टोकाएवढं, अम्मी. डॉक्टरच येऊन घेतील."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. वहिदाने एकेक पिल्लू स्वतः ओंजळीत धरलं आणि प्रत्येक वेळी सुई टोचताना तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अनिसाचा फोन आला.

"अम्मी, पिल्लांच्या पट्टीवर काहीच उमटलं नाही."

वहिदा तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं. "माझ्यामुळं झालं गं पोरी. माझी अक्कलच तेवढी."

"अगं, काहीच उमटायला नको होतं! पिल्लांच्या रक्तात बाकीची प्रतिपिंडं भरपूर आहेत, फक्त ह्या जंतूविरुद्धची नाहीत. म्हणजे तांबडीला तो आधी ठाऊक नव्हता. माझी रेघ खरी आहे, अम्मी! मॅडम सही करणार!"

"काय न्हाय उमटलं, म्हंजे चांगलं?"

"चांगलं!"

"बघ हां. पुन्यांदा सांग."

अनिसाने पुन्हा सांगितलं, आणि फोटो पाठवला. त्यात दोन पट्ट्या शेजारी शेजारी होत्या, एकीवर ठसठशीत रेघ, दुसरी पांढरी. वहिदाने चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. मग कुंपणाशी जाऊन सारजाला हाक मारली आणि फोन तिच्यापुढे धरला.

"रेघवाली हाय ती अनिसाची," ती म्हणाली. "आन् ही कोरी हाय न्हवं, ही माझी."