पहिली गिरकी
"एवढीशी फळी? पाय तरी मावणार का हिच्यावर?" काकडी चिरता चिरता बाबांनी विचारलं.

"अरुंद फळी पायाने पटकन उलटवता येते, बाबा. आणि ही छोटी, कडक चाकं गुळगुळीत फरशीवर मस्त फिरतात!"

आपल्या पहिल्या फ्रीस्टाइल स्केटबोर्डचा एकेक भाग शर्वरीने वाचून, मोजून, पारखून निवडला होता. आज सगळं जोडून झालं, पण मागच्या टोकाखाली लावायची पट्टी कुठल्याच दुकानात मिळेना. तिच्याशिवाय टोकावर गिरक्या घेतल्या, तर लाकूड झिजून जाणार.

"कसली असते ही पट्टी?"

"जाड प्लास्टिकची. घसरणारी, पण न तुटणारी. अशी..." बोलता बोलता तिची नजर बाबांच्या सुरीखाली गेली. सुरी थांबली.

"हा चॉपिंग बोर्ड तूच मला वाढदिवसाला दिलास."

"हो ना," ती ओशाळली. "राहू दे."

बाबांनी काकडी बाजूला सारली, बोर्ड खळखळून धुतला आणि माळ्यावरची करवत काढली. "खरं सांगू? मला विळीच बरी पडते."

संध्याकाळी गच्चीवर शर्वरीने पहिली गिरकी घेतली, तेव्हा कोपऱ्यात विळीवर काकडी चोचवत बसलेले बाबा ओरडले, "अजून एक!"