सकाळचा विस्तव

झरीला आमच्या शेजारी चन्नबसम्माकाकू आणि ईश्वरअप्पा राहायचे. साठी उलटली तरी दोघांना घडीभर बसवत नसे. माझा नवरा भुजंग निजामाच्या कचेरीवर तिरंगा लावून फरार झाला, तेव्हापासून ईश्वरअप्पा आमच्या बैलांना स्वतः कडबा टाकायचे. आणि काकू तांबडं फुटलं की गोवरी घेऊन दारात हजर.

"पोरी, आमची मेली चूल रातीला इझूनच जायलीय बघ. जरा इस्तू दे."

गोवरीला विस्तव धरेपर्यंत ती चुलीपाशी टेकायची, मला धीर द्यायची. तिची चूल माझ्या विस्तवावर पेटते, याचं मला लय बरं वाटायचं. एकदा काटवटीकडं बघून ती म्हणाली, "एकटीला एवढं पीठ?"

"भूक लय लागते, काकू," मी हसून म्हणाले. भुजंग परत आला होता आणि चुलीमागच्या भिंतीपलीकडं, धान्याच्या बळदात लपून बसला होता.

त्याच आठवड्यात, मी चूल पेटवायच्या आधीच पोलीस आले. ते सरळ बळदाकडं गेले आणि भुजंगला ओढत घेऊन गेले. मी रडत शेजारी धावले.

"काकू, घात झाला! ह्यांना धरून नेलं!"

काकू तोंडाला पदर लावून चुलीपुढनं उठली. "आगं माय, कुणी गं चुगली केली?"

माझी नजर तिच्या मागं गेली.

तिच्या चुलीवर दूध उतू चाललं होतं.