ढमीची साखर

"दार उघडू नका, काका," डॉक्टरबाई पुन्हा म्हणाल्या.

काकांनी कडीवरचा हात मागे घेतला. पण ते दारापासून हलले नाहीत. दाराआडच्या लहानशा खोलीत दिवा मालवलेला होता आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात त्यांची मांजर ढमी एकटी होती. सकाळी आल्या आल्या तपासणीच्या टेबलावर तिचा कान टोचून रक्ताचा थेंब काढला, तेव्हा साखर तीनशेच्या वर निघाली होती. बाकीच्या तपासण्यांसाठी रक्त-लघवी घेतली आणि त्यानंतर तिला कोणीही हात लावायचा नाही, असे डॉक्टरबाईंनी बजावले होते.

"अहो, मरेल ती आत," काका म्हणाले. "साखर चढत असेल आणि आपण इथं नुसते उभे! किती युनिट द्यायचं तेवढं सांगा मला. टोचायचं कसं, ते शिकवू नका."

त्यांच्या काखेत थर्मास होता. त्यात बर्फ, बर्फात पिशवी आणि पिशवीत इन्सुलिनची अर्धी बाटली.

"आईची आहे ती," बाकावर बसलेली त्यांची मुलगी हळूच म्हणाली. "ती गेल्यापासून फ्रीजच्या दारात तशीच राहिली होती. काल संध्याकाळी मी पोचले, तेव्हा बाबा सिरिंज भरून बसले होते. म्हणून आज उचलून आणलं दोघांना."

"तू मधे कडमडलीस म्हणून पहिलाच डोस हुकला."

"बाबा, ते मांजर आहे. आई नाही."

काकांनी थर्मासचे झाकण पिळून पाहिले. ते घट्टच होते.

"घरी कशी मोजता साखर?" डॉक्टरबाईंनी विचारले.

काकांचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्यांच्या हातातला होता. "उठल्याबरोबर. मग खाण्याआधी, खाल्ल्यावर, निजताना. एक वेळ माझं जेवण चुकेल, तिचं मोजणं नाही चुकायचं. पण हल्ली लबाड झालीये. मीटरची डबी उघडली की पलंगाखाली! मग झाडूनं ढोसून बाहेर काढायची, टॉवेलात गुंडाळायची, गुडघ्यांत धरायची आणि कान टोचायचा."

"ओरडते?"

"सुरुवातीला घर डोक्यावर घ्यायची. आता अगदी शहाणी. आवाज नाही. नुसती थरथरते. ते साखरेमुळंच असणार, नाही का?"

मुलीने मान खाली घातली. डॉक्टरबाईंनी काकांसमोर तळहात धरला. "तुमचं मीटर द्या."

त्या एकट्याच आत गेल्या. दार त्यांनी इतके हळू लावले, की कडीचा आवाजही आला नाही. काका श्वास रोखून ऐकत राहिले; मात्र आतून काही ऐकू आले नाही. मुलगी उठून त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. तिने त्यांचा दंड धरला. तो ताठ होता.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. "एकशे दहा."

"काहीतरीच! मशीन बिघडलं असेल."

"मशीन तुमचंच आहे."

काकांनी मीटर घेऊन आकडा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी तपासणीही चांगली आलीये," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लघवीत साखर नाही. थायरॉइडही व्यवस्थित आहे. वजन घटलंय, ते पोटभर खात नाही म्हणून. तिला मधुमेह नाही, काका."

"मग रोजचे ते तीनशे? ते काय खोटे?"

"खरेच. मांजर घाबरलं की अंगात एक संप्रेरक सुटतं. पळायला बळ हवं ना, म्हणून साखर रक्तात येऊन पडते. पाठलाग थांबला की उतरते."

"पाठलाग कोण करणार तिचा? घरात तर मी एकटाच आहे!"

बोलून झाले आणि काका थांबले. तोंड अर्धवट उघडेच राहिले. मुलीने त्यांच्या दंडावरची पकड सैल केली, पण हात काढला नाही.

 मग काकांनी काखेतला थर्मास काढून टेबलावर ठेवला आणि बोटांनी दूर ढकलला.

"हे काल टोचलं असतं तर?"

"धडधाकट जीव आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याची साखर इतकी खाली गेली असती..." पुढचे शब्द त्यांनी गिळले. मग, जरा घाईने, "पण तसं झालं नाही ना! आता टोचणं बंद, मोजणं बंद. मीटर इथंच राहू दे. ताटली भरून ठेवायची आणि तिच्याकडं बघायचंसुद्धा नाही. आपणहून मांडीवर आली, तर बसू द्यायची. महिन्यातून एकदा वजन करायला घेऊन या. बस, एवढंच."

"महिन्यातून एकदा," काका म्हणाले.

"सुटलात बाबा!" मुलीने डोळे पुसले आणि ती हसली. "केवढा घोर लावून घेतला होतात जिवाला. आता निवांत झोपा सकाळी. पेपर वाचा. मोकळे झालात."

काकांनी मीटर हळूच टेबलावर ठेवले. मुलीकडे पाहिले, मग डॉक्टरबाईंकडे. एखादी सूचना ऐकायची राहून गेली असावी, तसे ते जरा पुढे वाकले.

"आणि मधले दिवस?" त्यांनी विचारले.